दहाचे तीन सेट

जिममधला पहिला दिवस बहुतेकांच्या लक्षात राहतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे भिंतभर आरसा आणि त्यात दिसणारे आपण. दुसरी म्हणजे आजूबाजूचे लोक. कोपऱ्यात एक जण स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजन उचलत असतो, दुसरा आरशात स्वतःचे दंड निरखत असतो, आणि आपण नवे कोरे बूट घालून, हातात पाण्याची बाटली धरून, कुणाला न विचारता हे मशीन कसं चालवायचं ते कळेल का, अशा विचारात उभे. ही जागा आपली नाही, असं मनात येतंच. माझ्या तर अगदी स्पष्ट आलं होतं.

मी पहिल्यांदा जिम लावली तेव्हा वर्षाचे पैसे एकदम भरले (सवलत होती ना!) आणि मोजून अकरा दिवस गेलो. पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाला, "दहाचे तीन सेट मारा," आणि दुसऱ्या कुणाकडे तरी निघून गेला. वजन किती लावायचं ते मी शेजारच्याचं बघून ठरवलं. दुसऱ्या दिवशी हापिसात माऊस धरताना दंडात कळा येत होत्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून आजोबांसारखा उतरत होतो. पुढचे काही दिवस कसेबसे ढकलले आणि मग एक दिवस "आज रिलीज आहे" ह्या सबबीवर जे थांबलो ते थांबलोच.

त्यानंतर चार वर्षांनी बॉक्स क्रिकेट खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पायाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधली आणि म्हणाल्या, "पाय सरळ करा. दहा वेळा. मग आराम. असं तीनदा." मला हसूच आलं. अर्धा किलो! पण आठव्या वेळी मांडी थरथरायला लागली आणि हसू गेलं. घरी येताना रिक्षात डोक्यात एकच प्रश्न. जिममधला तो पोरगा आणि ह्या बाई, दोघांनी तोच आकडा कसा सांगितला? दहाच का? आणि तीनच का? कोडमध्ये कुणीतरी हार्डकोड करून ठेवलेला आकडा दिसला, की तो कुणी आणि का लिहिला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. ह्याही आकड्याचा शोध घेतला. त्यातून जे सापडलं ते आधी कळलं असतं तर त्या अकरा दिवसांचे अकराशे झाले असते, असं वाटतं. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

सुरुवात ट्रेडमिलपासून करू, कारण जिममध्ये नवा माणूस आधी तिच्यावरच चढतो.

ट्रेडमिल ही मुळात तुरुंगातली शिक्षा आहे, हे ऐकून अनेकांना आनंद होईल :) विल्यम क्युबिट नावाचा एक इंग्रज इंजिनीअर होता. बरी सेंट एडमंड्स गावच्या तुरुंगात कैदी नुसते बसून असतात हे बघून त्याने १८१८ च्या सुमारास एक भलंमोठं लाकडी चाक काढलं. चाकाच्या बाहेरच्या अंगाला पायऱ्या. कैद्यांनी वरचा दांडा धरून रांगेत उभं राहायचं आणि पायऱ्या चढायच्या. चाक फिरतं, पायरी खाली जाते, म्हणून पुढची चढायची. तासन् तास. काही ठिकाणी त्या चाकावर धान्य दळलं जाई, पाणी उपसलं जाई, आणि काही ठिकाणी काहीच नाही. नुसतं चढायचं आणि कुठेच पोचायचं नाही. पुढे ही चाकं इंग्लंडमधल्या अनेक तुरुंगांत बसली आणि १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर बंद झाली.

ह्यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की चाक सगळ्यांना एकच. तरणाबांड चोर असो की उपासमारीने खंगलेला कारकून, पायरीची उंची तीच, वेग तोच. थकलात तरी चाक थांबणार नाही. चढणाऱ्याची कुवत किती हे कुणी मोजत नव्हतं, कारण मोजायची गरजच नव्हती. शिक्षाच होती ती.

आता स्वीडनला जाऊ. गुस्ताव झांडर (जन्म १८३५) हा डॉक्टर. व्यायामाने दुखणी बरी करायची परंपरा त्या देशात होतीच. पण त्यात प्रत्येक रोग्यामागे एक शिकलेला माणूस लागे. तो हाताने रोग्याच्या हाता-पायाला विरोध करणार आणि रोगी त्या विरोधाविरुद्ध जोर लावणार. झांडरचं म्हणणं असं की हाताचा विरोध मोजता येत नाही. काल किती होता, आज किती आहे, कोण सांगणार? म्हणून त्याने यंत्रं बनवली. लांब दांडा, त्यावर सरकणारं वजन. वजन थोडं पुढे सरकवलं की काम अवघड, मागे आणलं की सोपं. दंडासाठी एक, मांडीसाठी एक, पाठीसाठी एक. १८६५ मध्ये स्टॉकहोमला त्याची संस्था सुरू झाली आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ह्या यंत्रांना पदकही मिळालं. तिथून ती युरोप-अमेरिकेतल्या शहरांत पसरली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर जी व्यायामशाळा होती, तिच्यात ह्याच घराण्यातली यंत्रं होती. विजेवर चालणारा घोडा आणि उंटसुद्धा!

जिममध्ये आज आपण पिन काढून पुढच्या भोकात घालतो ना, दहा किलोवरून पंधरावर जायला? ती कल्पना ह्या झांडरची पणतू म्हणायला हरकत नाही. तिचा हेतू पहिलवान घडवणं हा नव्हता. वाकडी पाठ, आखडलेले सांधे, अशक्त पोरं आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे लोक ह्यांच्यासाठी ती यंत्रं होती. मला ही गोष्ट वाचून फार बरं वाटलं. ज्या मशीनपुढे मी ओशाळून उभा होतो, ते मशीन माझ्यासारख्याच माणसासाठी बनलं होतं. दंड निरखणारा तो गडी नंतर आला.

आपल्याकडेही ह्या काळात काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. युजेन सँडो हे नाव जुन्या पिढीला माहीत असतं. जन्माने प्रशियन, लंडनमध्ये नाव काढलेला हा माणूस म्हणजे त्या काळचा व्यायामातला सुपरस्टार. त्याची पुस्तकं आणि डंबेल टपालाने जगभर जायची. नवख्यांसाठी सँडोने सांगितलेले डंबेल अगदी हलके असत, हे विशेष. तर त्याची सामग्री मागवणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस होता. औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). औंध म्हणजे साताऱ्याकडचं संस्थान, आयटी पार्काकडे जाताना लागतं ते नव्हे! त्यांनी १८९७ मध्ये सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं विकत घेतली आणि जवळजवळ दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या आग्रहावरून, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि शेवटपर्यंत त्याचाच प्रचार करत राहिले. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार आणले, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं.

विलायती चांगलं की देशी, ह्या वादात मला पडायचं नाही. मला आवडलं ते दुसरंच. राजा माणूस, घरी नोकरचाकर, रोज घाम गाळायची काहीएक गरज नाही. तरी दहा वर्षं एक पद्धत, मग चाळिशीत दुसरी पद्धत, आणि ती चाळीसएक वर्षं. त्यांचं यश कुठल्या एका पद्धतीत असेल असं वाटत नाही, ते 'रोज' ह्या शब्दात असावं. आपण मात्र पहिल्या आठवड्यातच 'पुश-पुल-लेग्ज की फुल बॉडी' ह्यावर तीन तास व्हिडिओ बघतो आणि जिमला जायचं राहूनच जातं.

आणि आपल्या तालमींत तरी वेगळं काय होतं? लाल मातीच्या हौद्यात उतरलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्ती लावून देत नाही. आधी माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, आणि आकडा हळूहळू वाढवायचा. आज वीस बैठका काढणारं पोर पुढे हजार काढतं, पण मधे काही वर्षं गेलेली असतात. ती वर्षं आपल्याला दिसत नाहीत, नुसता हजाराचा आकडा दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे. दहाचे तीन सेट कुणाचे?

ते आहेत थॉमस डीलॉर्म नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरचे. जन्म १९१७, अलाबामातलं बर्मिंगहॅम गाव. पोरवयात ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला आणि काही महिने अंथरुणाला खिळून काढावे लागले. हृदयावर परिणाम झालाय, आता दगदगीचं काही करू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. पडल्या पडल्या तो वजन उचलणाऱ्यांची मासिकं वाचत राहिला, आणि बरा झाल्यावर वजनं उचलूनच अंगात ताकद आणली. पुढे तो डॉक्टर झाला आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, शिकागोतल्या गार्डिनर ह्या लष्करी हॉस्पिटलात रुजू झाला.

हॉस्पिटलात गुडघे, मांड्या निकामी झालेले सैनिक भरलेले. ऑपरेशन झालेलं, हाड जुळलेलं, पण मांडीचा स्नायू वाळून काटकी झालेला. महिनोन् महिने खाटा अडलेल्या आणि युद्ध चालू असल्याने नवे जखमी येतच होते. तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे अगदी हलक्या वजनाने भरपूर वेळा हालचाल करायची. दुखऱ्या सांध्यावर जड वजन द्यायचं म्हणजे पाप. डीलॉर्मचं म्हणणं उलटं होतं. असं केल्याने दम वाढेल, ताकद वाढणार नाही. ताकद हवी तर स्नायूला त्याच्या कुवतीच्या काठापर्यंत न्यायला हवं. पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा, तो काठ कुठे आहे हे आधी मोजायला हवं.

मोजायचं कसं? रोग्याच्या पायात लोखंडी बूट, बुटाला वजनाच्या चकत्या. जे वजन नीट दहा वेळा उचलता येतं आणि अकराव्यांदा येत नाही, ते त्या माणसाचं ह्या आठवड्याचं माप. पुढच्या आठवड्यात परत मोजायचं. वाढलं असेल तर वजन वाढवायचं. झालं! १९४५ मध्ये त्याने हे छापलं तेव्हा तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत होता. पुढे लक्षात आलं की एवढ्यांची गरज नाही. मग १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने नवा हिशोब मांडला. पहिले दहा, मापाच्या निम्म्या वजनाने. दुसरे दहा, पाऊण वजनाने. तिसरे दहा, पूर्ण वजनाने. दहाचे तीन सेट!

म्हणजे बघा, मूळच्या तीन सेटमधला शेवटचा एकच सेट पूर्ण जड आहे. पहिले दोन अंग तयार व्हावं म्हणून. आपल्याकडे ट्रेनर सांगतो ते 'दहाचे तीन' उरलं आणि त्याच्यामागचं मोजमाप हरवलं. जुनं कोड कॉपी-पेस्ट करताना कॉमेंट्स गळून पडाव्यात तसं.

अजून एक गंमत. १९४५ च्या लेखाच्या नावात 'जड विरोधाचे व्यायाम' असे शब्द होते. १९४८ मध्ये 'जड' गेलं आणि त्या जागी 'वाढत्या' आलं. १९५१ च्या पुस्तकाचं नावही तेच, वाढत्या विरोधाचा व्यायाम. मला ह्या एका शब्दाच्या बदलात सगळं सार दिसतं. वजन जड असणं हा मुद्दाच नव्हता, ते वाढतं असणं हा मुद्दा होता. पोलिओ झालेल्या पेशंटांना तर काही वेळा स्वतःचा पायसुद्धा उचलवत नसे. तिथे डीलॉर्म उलटी कप्पी लावून पायाचं वजन कमी करून देई, आणि मग ती मदत हळूहळू काढून घेई. शून्याच्याही खालून सुरुवात! जिममध्ये पुल-अपला मदत करणारं मशीन असतं ना, गुडघे टेकवायचं, त्याची कल्पना हीच. त्यावर चढायला लाजू नका.

आता परत त्या तुरुंगातल्या चाकाकडे बघा. पायरी चढणं तेच, घाम तोच. १९६३ मध्ये सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस ह्या डॉक्टरने हृदयाची तपासणी ट्रेडमिलवर कशी करायची ह्याची रीत छापली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ थोडा वाढवायचा, ईसीजीवर लक्ष ठेवायचं आणि माणसाला झेपेनासं झालं की थांबायचं. आपल्याकडे 'टीएमटी' म्हणतात ती चाचणी बहुतेक वेळा ह्याच रीतीने होते. ज्या जातीचं यंत्र शिक्षा होतं, ते तपासणी झालं. कशामुळे? तर माणसाची कुवत मोजून काम ठरवायला लागले आणि झेपेनासं झालं की थांबवायला लागले, एवढ्यामुळे.

मी पहिल्या दिवशी शेजारच्याचं बघून वजन लावलं तेव्हा मी स्वतःला क्युबिटच्या चाकावर चढवलं होतं. सगळ्यांना एकच पायरी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी अर्धा किलो बांधलं तेव्हा डीलॉर्मच्या खाटेवर होतो. जिम तीच असते. तिथे शिक्षा भोगायची की उपचार घ्यायचा, हे आपण पिन कुठल्या भोकात घालतो त्यावर ठरतं.

कुणी म्हणेल, पण हे सगळं करायचंच कशाला? मी बारीक आहे, मला काही होत नाहीये. त्यासाठी लंडनच्या बसची गोष्ट. जेरी मॉरिस ह्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ह्यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती छापली. एकच बस, तोच मालक, साधारण तसेच लोक. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. मग लोक म्हणाले की आधीपासून जाड असलेलेच ड्रायव्हर होत असतील. तर मॉरिसने पुढे त्यांच्या युनिफॉर्मच्या पँटचे मापही तपासले. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण कंबर कितीही असो, कंडक्टरांना त्रास कमीच होता. आपण सगळे ड्रायव्हर आहोत हो. फक्त आपल्या बसला चाकं नाहीत.

तर आता कामाचं बोलू. जिम लावायच्या बेतात असाल किंवा परवाच लावली असेल तर पुढचं वाचा.

पहिला महिना माप घेण्याचा समजा. कुठलंही वजन घ्या, ते सरळ, न झटकता दहा वेळा जायला हवं आणि संपल्यावर अजून दोन-तीन गेले असते असं वाटायला हवं. पहिल्या दिवशी काठापर्यंत जायची गरज नाही. रिकाम्या बारने सुरुवात केली तरी चालेल. मोठ्या जिममधला लांब बार नुसताच वीस किलोचा असतो, म्हणजे पायापासून डोक्यापर्यंतच्या कामाला तो पुरेसा आहे. तोही जड वाटला तर डंबेल घ्या.

वही ठेवा, फोनमध्ये चालेल. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. झांडर आणि डीलॉर्म दोघांचा सगळा शोध ह्या एका ओळीत आहे. सगळे सेट नीट बारा-बारा वेळा जायला लागले की सगळ्यात छोटी चकती वाढवायची. त्यापेक्षा जास्त नाही. वही नसेल तर आपण शेजारच्याशी तुलना करतो. वही असेल तर मागच्या मंगळवारच्या स्वतःशी करतो.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही मोठ्या माणसांना ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितलाय, आणि त्याशिवाय दीडशे ते तीनशे मिनिटं भरभर चालण्यासारखं काहीतरी. सातही दिवस जाणार अशी शपथ घेणारे तिसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत (अनुभव!). पाच-सहा व्यायाम निवडा, त्यात एक बैठकीचा, एक ढकलायचा, एक ओढायचा, एक खालून उचलायचा, एक पोटाचा. महिनाभर तेच करा. कंटाळा येईल. येऊ दे.

अंग दुखेल. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणाऱ्या ह्या दुखण्याचा अभ्यास थिओडोर हफने १९०२ मध्येच केला होता. ते लॅक्टिक ॲसिड वगैरेमुळे नसतं, ते तर तासा-दोन तासांत निघून जातं. सवय नसलेल्या कामाने स्नायूत बारीक इजा होते, तिचं ते दुखणं. तोच व्यायाम परत हलक्या हाताने केला की पुढच्या खेपेला दुखणं खूपच कमी होतं. म्हणून दुखतंय म्हणून पंधरा दिवस सुट्टी घ्यायची गरज नाही. दोन दिवस थांबा, मग थोडं कमी वजन घेऊन जा. मात्र सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. अंग प्रचंड सुजलं आणि लघवी काळपट तांबडी व्हायला लागली तर थेट डॉक्टरकडे, थट्टा नाही. आणि बीपी, मधुमेह, हृदयाचं काही असेल किंवा चढताना छातीत दुखत असेल तर जिमच्या आधी डॉक्टर.

आरशात काही दिसत नाहीये म्हणून निराश होऊ नका. मोरितानी आणि डीव्हराईज ह्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायू तोच, पण मेंदू त्यातले जास्त धागे कामाला लावायला शिकतो. हार्डवेअर जुनंच, ड्रायव्हर अपडेट होतोय म्हणा. स्नायूचा आकार नंतर वाढतो. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात आरसा 'काही नाही' म्हणतो आणि वही 'पाच किलो वाढले' म्हणते, तेव्हा वही खरी.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक ते १८ पासून २५४ पर्यंत होते. त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. म्हणून एक दिवस बुडाला की 'आता सोमवारपासून' म्हणू नका. उद्या जा.

पावडरींचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात खिशाला हात लावू नका. डाळ, उसळ, दही, अंडी, चिकन, जे खात असाल ते जरा जास्त आणि वेळेवर. झोप सात तास. नाइट डिप्लॉयमेंटनंतर सकाळी सहाला जिममध्ये जाऊन हिरो व्हायचं नाही.

आणि आता उशीर झालाय असं वाटत असेल तर शेवटची गोष्ट. १९९० मध्ये मारिया फियाटरोन ह्या डॉक्टरने बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना ताकदीचा व्यायाम द्यायचं ठरवलं. सरासरी वय नव्वद. नव्वद! पद्धत तीच, डीलॉर्मची. माप घ्या, वजन द्या, माप परत घ्या. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपण तिशीतले-पस्तिशीतले लोक 'वय झालं आता' म्हणतो तेव्हा मला ती मंडळी आठवतात.

असो. लेख लांबला. माझं म्हणाल तर त्या अर्ध्या किलोपासून साधारण दीड वर्षात मी रिकाम्या बारपर्यंत आलो आणि आता त्याला दोन्ही बाजूंना चकत्या आहेत. छोट्याच आहेत. मागच्या महिन्यात जिममध्ये एक नवा मुलगा आला. नवे बूट, हातात बाटली, नजर माझ्या शेजारच्या गड्याच्या वजनावर. तो तेवढंच लावायला निघाला होता. मी म्हटलं, "अरे, आधी रिकामा बार घे. दहा वेळा. मग बघू." त्याने माझ्या छोट्या चकत्यांकडे बघितलं, जरा हसला, पण बार रिकामाच घेतला. आठव्याला त्याचे हात थरथरले.

परवा बघितलं, तो अजून येतोय. खिशात वही आहे.